प्लास्टरचं नाकाड

७ मे २०१९, मंगळवार पाहिंग

"हे नाकाड जरा बारीक झालंय, बु लास्मिनी," म्हणे!

सकाळी आली, टेप काढली, आणि दुपारच्या आत माझ्या सुसरीचं नाकाड तीनदा मोजून मोकळी. शहरातून आलेली डॉक्टरीण, मला मानाने 'बु' म्हणते, म्हणजे बाई. हाडांची डॉक्टर — म्हणजे ज्या रोग्याला मरून लाखो वर्षं झाली त्याची! नाव हाप्सारी, वय एकोणतीस, मनगटाएवढी मान, आणि बोलणं असं की नाकाने कांदे सोलत असावी.

बारीक झालंय. मला काय कळत नाही? कवटीचा मागचा भाग खरा आहे, डोळ्यांपासून मानेपर्यंत. बाबांना नदीच्या दरडीत मिळालेला. पुढचं नाकाड प्लास्टरचं, माझ्या हातचं. हिंदुस्थानातल्या नद्यांत एक लांबनाकी सुसर अजून मासे खात जिवंत आहे, तिचं चित्र समोर ठेवून केलं. हाडघरात, म्हणजे आमच्या गावच्या संग्रहालयात, पाटीवर स्वच्छ लिहिलंय — 'पुढचा भाग नंतर बनवलेला'. बावीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही. शाळेची पोरं तर फक्त नाकाडच बघतात.

संध्याकाळी माझ्या वहीत डोकावून विचारते, "तारखेपुढे पाहिंग कशाला लिहिता?"

"मग बाजार कधी भरतो ते कसं कळणार?" म्हटलं. एवढं शिकून पाच वारांचा आठवडा ठाऊक नाही! जावामध्ये जन्मली आहे ना ही?

८ मे, बुधवार पोन

आज मला तुकडा चाटताना पकडलं.

पकडलं म्हणजे — रोजा सोडून झाला होता, खजूर खाल्ला, पाणी प्यायले, मग दिवसभरात लोकांनी पारखायला आणून दिलेले तुकडे घेऊन बसले. जीभ लावायची. खरं हाड जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही, सिमेंट चिकटत नाही. बाबा असंच करायचे, त्यांचे बाबाही. हाप्सारी दारात उभी राहून ओरडली, "बु! जंतू!"

लाखो वर्षं मातीत पडलेल्या हाडाला कसले जंतू? मेले असतील बिचारे कंटाळून.

दिवसा मात्र मी चाटत नाही. थुंकी गिळली जाते, रोजा जातो. त्यामुळे या महिन्यात दिवसा आलेलं सगळं नजरेने आणि हाताने पारखायचं. चाळीस वर्षांचा हात आहे, चुकत नाही.

११ मे, शनिवार लेगी

शहरातल्या पुराणवस्तू कार्यालयाचं पत्र आलं. गावप्रमुखाने हाडघराच्या ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं, जणू लग्नाची पत्रिका.

मतलब असा, की गावोगावच्या हाडघरांत यापुढे फक्त पूर्ण वस्तू ठेवायच्या. अर्धवट वस्तू शहराच्या कोठारात जाणार. माझी सुसर अर्धवट! प्लास्टर धरत नाहीत. ट्रक १२ जूनला येणार, लेबारानचा सण, म्हणजे ईद, झाली की लगेच.

"कोठारात म्हणजे कुठे?" मी विचारलं.

हाप्सारी खाली बघत म्हणाली, "खणात. क्रमांक घालून."

खणात! बाबांनी तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काढलेली कवटी, आणि ती खणात, चमच्यांसारखी! मी म्हटलं, "मग मलाही क्रमांक घाला." गावप्रमुख हसला. त्याला सगळ्यालाच हसायची सवय आहे, म्हणून तर निवडून येतो.

हाप्सारी मागाहून म्हणाली, "बु, खरं नाकाड कुठे मिळालं असतं तर मी स्वतः लिहून दिलं असतं, की ही इथून हलवू नका."

मिळालं असतं तर! मिळालेलंच होतं गं बाई. तेच तर.

१५ मे, बुधवार क्लिवोन

लिहून टाकते. कागदाला कसली लाज.

कवटी निघाली तीच दोन तुकड्यांत. बाबांनी मरायच्या आधी वाटणी केली. मागचा तुकडा थोरलीला, म्हणजे मला. पुढचा, नाकाडाचा, धाकटीला — तुमिराला. मी म्हटलं, "बाबा, असं कुणी वाटतं का?" तर म्हणाले, "भांडलात तरी कधीतरी एका टेबलाशी बसावं लागेल." बाबांची अक्कल!

ते गेले त्याला चाळीस दिवस झाले, सगळे जेवायला जमले, आणि मी तुमिराला म्हटलं, "उद्या नाकाड घेऊन ये, जोडून टाकू." ती चटईकडे बघत म्हणाली, "नाकाड नाहीये आता." बस, एवढंच. कुठे गेलं, कसं गेलं, अवाक्षर नाही. त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याच्या, त्या जुगारी दार्मोच्या दारात लाल मोटारसायकल उभी राहिली. शहरातले दलाल तेव्हा रोज गावात हिंडत होते. मला काय, हिशेब कळत नाही?

तेव्हापासून बोलणं बंद. आमच्याकडे भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. बोलणं बंद म्हणजे बंद. निरोप द्यायचाच झाला तर मधे माणूस घालायचा. बावीस वर्षं. ती फाटकाबाहेर टपरी टाकून बसते — सिमेंटचे दात, सिमेंटचे मुखवटे, शिंगं — पाहुण्यांना 'आठवण' म्हणून विकते. बाबांची मुलगी खोटी हाडं विकते! आणि मी त्याच रस्त्याने रोज जाते, मान सरळ ठेवून.

दर लेबारानला मात्र येते. धाकट्याने थोरल्याकडे जाऊन माफी मागायची, रीतच आहे. फणसाखाली उभी राहते, मी दार उघडत नाही, मग पायरीवर डबा ठेवून जाते. केतुपात, म्हणजे पानांत शिजवलेला भात, आणि नारळाच्या रसातली कोंबडी. कोंबडी मी टाकून देते, भात कोंबड्यांना घालते. कोंबड्या खूश असतात. त्यांना कशाला नाही म्हणू?

१९ मे, रविवार वागे

आज हाप्सारीने सुसरींची वंशावळ काढून दाखवली. झाडाचं चित्र, फांद्या, फांद्यांवर नावं. मेलेल्यांची यादी बघून मला वाटलं, गावाच्या कबरस्तानातच आलेय. एक हिमालयाच्या पायथ्याशी, होडीएवढी लांब. एक दक्षिण अमेरिकेत, समुद्राच्या काठाला. सगळ्या लांब नाकाच्या, सगळ्या मासे खाणाऱ्या, सगळ्या संपल्या. खाली दोनच हिरव्या फांद्या. एक हिंदुस्थानातली. दुसरी आमच्याच देशातल्या सुमात्रा-बोर्निओच्या दलदलीतली.

"हिला खोटी सुसर म्हणतात," हाप्सारी म्हणाली.

"का? काय फसवलं तिने?"

"दिसायला लांबनाकी, पण हाडं बघून विद्वान म्हणाले, ही त्या घराण्यातली नाही, उगाच तशी दिसते. नंतर रक्त तपासलं, तर जवळची नातलग निघाली. अजून वाद चालतात, पण बहुतेकांना पटलंय."

"म्हणजे शंभरावर वर्षं त्या जनावराला तोंडावर खोटं म्हणत होतात. आणि आता? माफी मागितलीत?"

ती हसत म्हणाली, "नाव अजून तेच आहे, बु."

बघा! विद्वान! उचलली जीभ लावली टाळ्याला. दिसण्यावरून नातं ठरवायचं म्हणजे असंच होणार. आमच्या टेबलावर असलं चालत नाही. दोन तुकडे एका जनावराचे की नाही, हे फक्त भेग सांगते. भेग भेगेला बसली तर बसली. नाहीतर मग रंग जुळो, आकार जुळो, काही उपयोग नाही.

"आपली कोणाच्या बाजूची?" मी विचारलं.

"या खोऱ्यातले बहुतेक तुकडे हिंदुस्थानातलीच्या बहिणीसारखे आहेत. पण हिच्या कवटीचं पुढचं टोक जाड वाटतं. नाकाड असतं तर कळलं असतं."

बहीण, नाकाड. दुसरे शब्द शिकवले नाहीत का हिला?

२२ मे, बुधवार पाहिंग

बाजार. मिरच्या महाग. तुमिरा सोयाबीनचं तेंपे घेत होती, मी दुसऱ्या रांगेत गेले. म्हातारी दिसायला लागलीय. दिसू दे. दार्मो गेल्यापासून वर्षभर पांढरा रुमाल बांधते डोक्याला. नवरा गेल्यावर माणूस जाड होतं का बारीक, ते कळत नाही तिच्याकडे बघून. बघितलं कुणी?

२६ मे, रविवार लेगी

आज कमाल झाली!

दुपारी एन्दाह आली, तुमिराची मुलगी. शाळेत शिकवते, तीस वर्षांची घोडी, पण माझ्यासमोर अजून चप्पल दाराबाहेर नीट जोडून काढते आणि मला बुदे म्हणते, म्हणजे थोरली मावशी. दोन्ही हातांनी बाटिकच्या कापडात काहीतरी कवटाळून आणलेलं. धापा टाकत टेबलावर ठेवलं.

"बुदे, आईने पाठवलंय. हे तुमचं आहे म्हणाली."

"तुझ्या आईकडे माझं काय असणार?"

"मला नाही माहीत. काही सांगू नकोस म्हणाली. म्हणाली, ती हात लावताच ओळखेल."

कापड सोडलं. मी हसलेच! सिमेंटचं नाकाड! टपरीच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेलं तेच — चॉकलेटी रंग, वर चकाकी, दातांच्या जागी मक्याच्या दाण्यांसारखे ठिपके. मी येताजाता बघते ना. खाली चिठ्ठी असायची, 'विक्रीला नाही'. इतकं भिकार, की विकायचीही तिला लाज वाटत असेल!

अर्थ कळला मला. पत्राची बातमी गावभर झालीय. 'तुझं नाकाडही खोटं, माझंही खोटं. घे, लाव, आणि कर पूर्ण.' बावीस वर्षांनी निरोप पाठवला तो हा! म्हणे हात लावताच ओळखेल. हात लावायची गरजच काय? दुरून ओळखलं.

एका कोपऱ्यावर टवका उडाला होता, आत काळपट काही दिसत होतं. दुसरा कुठला महिना असता तर सवयीने जीभ लावली असती. पण रोजा. हिच्या सिमेंटसाठी मी रोजा मोडू?

"खोक्यात टाक," मी म्हटलं. कोपऱ्यात खोट्या मालाचं खोकं असतं. लोक खरं म्हणून आणतात, मी नाकारते, ते सगळं तिथे.

"बुदे, हात तरी लावा एकदा."

"मी हात धुऊन बसलेय."

एन्दाहने स्वतः नेऊन ठेवलं. हळू ठेवलं, अंडं ठेवावं तसं. जाताना डोळे भरले होते. शिक्षिकेला शोभतं का हे?

३० मे, गुरुवार क्लिवोन

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ते काम इतकं वाईट का?

तुमिराचा हात असा नाही. लहानपणी चिखलाची म्हैस करायची तर बाबा म्हणायचे, आता हंबरेल. तिचे सिमेंटचे दात बघून एक प्राध्यापक फसला होता. आणि नाकाडाला मक्याचे दाणे? मुद्दाम केलंय. मला खिजवायला मुद्दाम वाईट केलंय. कष्ट घ्यायचीसुद्धा माझी लायकी नाही, असं!

१ जून, शनिवार पाहिंग

हाप्सारी सणाला गावी गेली. जाताना माझा हात कपाळाला लावून माफी मागितली, चुकलं-माकलं पोटात घाला म्हणाली. "नाकाड बारीक म्हणाले ते सोडून," असंही म्हणाली! आगाऊ आहे. पण माझ्यासाठी खोकल्याचं औषध ठेवून गेली.

जाण्यापूर्वी खोक्यापाशी थांबली होती. "हे सगळं फोडणार?" विचारलं. म्हटलं, दरवर्षी फोडते, सणाच्या आदल्या दिवशी, गावासमोर. खोटं घरात ठेवून सणाला माफी कशी मागायची? तुकडे रस्त्यावरच्या चिखलात टाकतो. त्यावरूनच तर तुझी गाडी आली.

४ जून, मंगळवार क्लिवोन

काय लिहू.

दुपारी चारला अंगणातल्या दगडापाशी सगळे जमले. गावप्रमुख, बायका, पोरं. मी हातोडा घेतला. मुखवटे फोडले, शिंगं फोडली, एक भला मोठा हत्तीचा सुळा होता तो फोडला. पोरं टाळ्या पिटतात. मला आवडतं, खोटं कशाला बोलू. नाकाड शेवटी ठेवलं होतं, दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखं.

पहिला घाव घातला. सिमेंट फुटताना भसकन आवाज येतो. हा आवाज खणकन आला. कवच उडालं आणि खाली कापड दिसलं. निळ्या चौकड्या! बाबांचं सारोंग. बाबा नदीवर नेसायचे ते. कवच हाडाला चिकटू नये म्हणून कापड गुंडाळलेलं, वर सिमेंट थापलेलं.

हे सगळं मी पाहिलं. पण हात आधीच वर गेला होता.

दुसरा घाव मीच घातला. मीच! चाळीस वर्षांचा हात, चुकत नाही म्हणे!

पोरांच्या टाळ्या थांबल्या. गावप्रमुखसुद्धा हसला नाही. "बु... हे काय आहे?" एवढंच म्हणाला. मी गुडघ्यांवर बसले, चौकड्यांच्या कापडातून एक तुकडा काढला, काळा, दाताच्या खळीचा. सूर्य मावळायला दीड तास होता. महिन्याचा शेवटचा रोजा.

जीभ लावली. चिकटला.

५ जून, बुधवार लेगी. लेबारान.

सकाळी सगळे नमाजाला गेले. मी गेले नाही. टेबलाशी बसले. एकतीस तुकडे, आणि चुरा वेगळा. चुऱ्याचं काही होणार नाही.

आधी करवत घेतली आणि माझं प्लास्टरचं नाकाड कापून काढलं. मग एकेक तुकडा. डिंक, वाळूत टेकवणं, थांबणं, पुन्हा डिंक. दुपारी तीनला मागच्या कवटीची भेग आणि पुढच्याची भेग समोरासमोर आणली. बसली. मधे केस जाणार नाही अशी बसली.

मुळाशी रुंद आहे. माझं बारीकच होतं.

हाप्सारीला फोन केला. घरी पाहुणे होते, मागे गोंगाट. ऐकून किंचाळली! मग विचारलं, "मुळाशी किती रुंद? कोणाच्या बाजूची वाटते, बु?" म्हटलं, ते तू ठरव, मला नको विचारू, नाती ठरवण्यात मी किती हुशार आहे ते काल गावाने बघितलंय. ती म्हणाली, ट्रक येऊ नये म्हणून आजच लिहिते. एवढ्याचसाठी महिनाभर जीव खालीवर होत होता, आणि आता ऐकून काही वाटेना.

दर वर्षी ती सकाळी येते. आज आली नाही. कोण येईल? गावभर झालंय, थोरलीने काय केलं ते. दर अर्ध्या तासाने दार उघडून पाहिलं. फणसाखाली कुणी नाही, पायरीवर डबा नाही. कोंबड्या वाट बघून गेल्या.

अजून कळत नाही. होतं तर नाही का म्हणाली? मोटारसायकल आली कुठून?

६ जून, गुरुवार पाहिंग

मी गेले. थोरलीने धाकटीकडे जायचं नसतं. गेले.

ती टपरीत होती. मी वाकले, तर तिने खांद्याला धरून उठवलं. काय बोलायचं ते सगळं वाटेवर पाठ केलं होतं, आणि तोंडातून आलं, "मोटारसायकल?"

"आईच्या बांगड्या," तुमिरा म्हणाली. "दलाल दारात आणून बसवला होता एन्दाहच्या बापाने. बांगड्या दिल्या, नाकाड नाही म्हणून सांगितलं. तू विचारलंस तेव्हा तो माझ्या मागेच बसला होता, म्बाक." म्बाक, म्हणजे ताई. बावीस वर्षांनी ऐकलं.

"नंतर सांगायचंस ना गं!"

"कसं सांगू? बोलणं बंद होतं ना."

मी रडले. लिहायला लाज नाही. तिने रडू दिलं. मग माझ्या पिशवीतलं प्लास्टरचं नाकाड काढलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि वरच्या फळीवरच्या रिकाम्या जागी ठेवलं.

"बारीक झालंय, म्बाक."

खाली जुनी चिठ्ठी होती, ती तशीच राहू दिली.